परस्पर निम्मे

१

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता सचिवबाईंच्या टेबलावर चहा थंडगार होऊन बसला होता आणि खोलीतल्या कुणालाच त्याची आठवण नव्हती. सगळ्यांचे डोळे चहाशेजारच्या वर्तमानपत्राकडे होते. पत्र नदीपलीकडच्या देशातलं होतं, आजचंच.

"वाचून दाखवा," सचिवबाई उपसचिवांना म्हणाल्या. "हिला कळू दे."

'ही' म्हणजे दक्षता विभागातली तपासनीस. रसायनशास्त्र शिकून ती आधी कागदपत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिथून इकडे आली, पण पर्समधला छोटा चिमटा काही सुटला नाही. कुठलाही कागद ती बोटांनी उचलत नसे. त्यामुळे सगळं मंत्रालय तिला पाठीमागे 'चिमटा' म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं आणि नाव तिला आवडलंही होतं.

उपसचिवांनी पलीकडची भाषा अडखळत, पण नेटाने वाचली. बातमी चारच ओळींची होती. नदीच्या अलीकडच्या सरकारने आपल्या शेजाऱ्यांसाठी व्हिसाचं शुल्क निम्मं करायचं ठरवलं आहे, पहिल्या तारखेपासून, आणि तेही आपणहून.

"नऊ वाजता बोलणी सुरू झाली," सचिवबाई म्हणाल्या, "आणि त्यांच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाने हे टेबलावर ठेवलं. वर हसून म्हणतो, 'अभिनंदन! तुम्ही आपणहून देताय, मग आमच्याकडे मागताय काय?' सहा महिने आम्ही घासाघीस करतोय की दोघांनी एकाच दिवशी निम्मं करायचं. आपण आधी केलं तर ते कधीच करणार नाहीत. त्यांनी आधी केलं तर त्यांच्या संसदेत त्यांची शोभा होईल. म्हणून दोघांनी, एकाच सकाळी. आता चारपर्यंत वेळ मागून घेतलाय."

"या प्रस्तावाचं टिपण कुणाकुणाच्या हातात होतं?" चिमट्याने विचारलं.

"मी लिहिलं," उपसचिव म्हणाले. "बाईंनी मान्य केलं. अर्थखात्याने पाहिलं. टंकलेखकाने टंकलं. आणि..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "दुभाषी. ती जन्माने पलीकडची आहे. लग्न करून इकडे आली. तिची आई अजून तिकडेच असते. मला कुणावर आळ घ्यायचा नाही, पण त्यांच्या भाषेत बातमी पोचवायला त्यांची भाषा यावी लागते."

"साडेतीनला तिच्या निलंबनाच्या आदेशावर सही करायची आहे," सचिवबाई म्हणाल्या. "चारला त्यांच्यासमोर बसताना मला सांगता आलं पाहिजे की आमचं घर आम्ही झाडून घेतलंय. तुला वेगळं काही सापडलं, तर त्याआधी ये."

बाहेर आल्यावर उपसचिव चिमट्याला स्वतःच्या खोलीत घेऊन गेले. टेबल आरशासारखं लख्ख होतं. पेन, दोन छोटे झेंडे, फोन. बाकी काही नाही. माणसांची नावं आणि खोल्यांचे क्रमांक त्यांनी स्वतःच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहून दिले.

कॉरिडॉरमध्ये कागदांचा चुरा करणारा श्रेडर अडून बसला होता. म्हातारा टंकलेखक गुडघे टेकून त्याच्या दातांत डोकावत पुटपुटत होता. त्याच्या तोंडी कायम "जपून, जपून" असायचं, म्हणून सगळे त्याला जपूनकाका म्हणायचे.

"कोण शहाणा पिनांसकट कागद घालतो यात! शिपायाला विचारावं तर तो म्हणतो, मी नाही बुवा."

"सरका काका," चिमटा म्हणाली. तिने पर्समधून आपलं हत्यार काढलं आणि दातांत अडकलेल्या दोन वाकड्या पिना ओढून काढल्या. सवयीने तिने त्या पाकिटात घातल्या आणि पाकिटावर तारीख, वेळ लिहिली.

"पिनांचं पण पाकीट?" काका खूश झाले. "पोरी, तू माझ्याच जातकुळीतली!"

२

दुभाषीने दार उघडं ठेवलं होतं. आपल्यावर संशय आहे हे ज्याला कळलेलं असतं, तो दार लावून बसत नाही, निदान चिमट्याला तसं वाटलं. किंवा मग ज्याला तसं भासवायचं असतं, तोही लावत नाही. तिने दोन्ही शक्यता मनात टिपून ठेवल्या.

"बसा," दुभाषी म्हणाली. "माझी आई काय करते, किती वर्षांची आहे, मी तिला किती वेळा भेटते, ते सगळं लिहून ठेवलंय. आज सकाळपासून तिघांनी विचारलं."

"मला टिपणाबद्दल विचारायचंय, ताई."

"ते मी मंगळवारी दुपारी चारला पाहिलं. भाषांतर केलं, परत दिलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: परस्परतेच्या तत्त्वावर शुल्क निम्मं करावं. म्हणजे त्यांनी आपल्यासाठी, आपण त्यांच्यासाठी."

"मग त्यांच्या पत्रात 'आपणहून' कुठून आलं?"

"तेच तर मी सकाळपासून सांगतेय, पण ऐकून कोण घेतंय!" दुभाषीने टेबलावरच्या वहीवजा गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर पलीकडच्या लिपीत दोन शब्द लिहिले. "हा पहिला, दोघांनी एकमेकांसाठी. हा दुसरा, कुणाला न विचारता, आपल्या मनाने. त्यांच्या भाषेत या दोघांत कुणी तिसरीतलं पोरसुद्धा घोटाळा करणार नाही. मी बातमी विकली असती ना, तर निदान बरोबर विकली असती."

"किंवा मुद्दाम चुकीची. म्हणजे तुमच्यावर संशय येणार नाही."

दुभाषीने पेन खाली ठेवलं. "तुम्ही घरी पण अशाच असता का?"

"आई म्हणते, त्याहून वाईट."

दुभाषीला हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "नोकरी गेली तर जाऊ दे. पण माझ्या नावापुढे सुरक्षेचा शेरा पडला ना, की मला पलीकडे जायला परवानगी नाही मिळणार. आईला आता फोनवर नीट ऐकूच येत नाही. समोर बसून मोठ्याने बोलावं लागतं."

चिमट्याने ती दोन शब्दांची चिठ्ठी मागून घेतली. एकाच साक्षीदारावर विसंबायची तिची सवय नव्हती. ती तशीच ग्रंथालयात गेली आणि शब्दकोश उघडून बसली. दुभाषीने लिहिलेले दोन्ही शब्द तंतोतंत बरोबर होते, आणि बातमीत दुसरा होता.

चिठ्ठी परत पर्समध्ये ठेवताना तिने ती सहज उलटी केली. पाठीमागे कुठल्या तरी जुन्या परिपत्रकाचा माथा छापलेला होता: क्रमांक, विषय, संदर्भ.

३

अर्थखात्यातल्या अधिकाऱ्याला लोक कात्रीसाहेब म्हणत, कारण त्यांच्या टेबलावरून कुठलाही प्रस्ताव काटछाट न होता परत येत नसे.

"लीक मी केलं असं म्हणायचंय ना? म्हणा!" चिमटा खुर्चीत टेकायच्या आधीच ते सुरू झाले. "माझा विरोध जगजाहीर आहे. आज यांना निम्मं करा, उद्या डोंगरापलीकडचे विचारतील, आम्ही काय घोडं मारलंय? परवा समुद्रापलीकडचे. प्रत्येकाला वाटणार, शुल्कावरून आपली पत ठरते. आणि तुमचे हे परराष्ट्रवाले! सगळं परस्पर ठरवतात. आम्हाला विचारायची पद्धतच नाही."

चिमट्याचे कान टवकारले. "परस्पर?"

"हो, परस्पर! त्यांनी लिहूनच आणलं होतं. 'व्हिसा शुल्क परस्पर निम्मे करावे.' मी म्हटलं, परस्पर कसं काय? अर्थखातं मेलंय का? यावर उपसचिव मलाच व्याकरण शिकवायला लागले. म्हणे परस्पर म्हणजे एकमेकांसाठी. मी म्हटलं, अहो, आमच्या घरी मुलाने परस्पर मोटारसायकल घेतली, ती काय एकमेकांसाठी होती का?"

"मग?"

"मग बदललं. शेवटच्या मसुद्यात 'परस्परतेच्या तत्त्वावर' आलं. मी सही केली. म्हटलं, निदान मराठी तरी सरळ झालं."

म्हणजे कागद दोन होते. आधीचा, ज्यात तो दुतोंडी शब्द होता, आणि नंतरचा, ज्यात नव्हता. बातमी देणाऱ्याने आधीचा वाचला होता, आणि दुभाषीपर्यंत पोचला होता तो नंतरचा. पण आधीचा कागद या माणसाने पाहिला होता, शिवाय त्याने तो शब्द नेमका तसाच, चुकीचा वाचला होता.

"आधीच्या मसुद्यात अटीबद्दल काही होतं?" तिने शक्य तितक्या निर्विकारपणे विचारलं.

"होतं ना. शेवटी. त्यांनी त्याच दिवशी निम्मं केल्याशिवाय आदेश काढू नये. ते वाचलं नसतं तर मी सहीच केली नसती."

"आणि सुरुवातीला?"

"सुरुवातीला रडगाणं. किती रुग्ण येतात, किती विद्यार्थी अडकतात."

चिमट्याने बातमी पुन्हा मनात वाचली. त्यात रुग्ण नव्हते, विद्यार्थी नव्हते, अटही नव्हती. ज्याला करार मोडायचा आहे तो अट लपवील, हे ठीक. पण रुग्ण आणि विद्यार्थी कशाला लपवील? वर्तमानपत्राने तर त्यावरच मथळा केला असता. ज्याने बातमी दिली, त्याने कागदाचा फक्त मधला भाग पाहिला होता. वरचा नाही, खालचाही नाही.

"साहेब, एक फोन नंबर लिहून द्याल?"

कात्रीसाहेबांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून चिठ्ठी फाडली, नंबर लिहिला. चिमट्याने ती उलटी केली. पाठीमागे कुणाची तरी सही होती, सहीखाली हुद्दा आणि तारीख.

एका टेबलावर माथे, दुसऱ्या टेबलावर पाय. चिमटा जवळजवळ धावतच खाली गेली. घड्याळात सव्वादोन झाले होते.

४

"काका, हे चिठ्ठ्यांचे गठ्ठे कोण करतं?"

"मी. दुसरं कोण करणार?" जपूनकाकांची छाती फुगली. "पाठकोरे कागद इथे खोऱ्याने निघतात. एक बाजू वापरली की फेकून देतात, जसं काही कागद झाडाला लागतो. मी तीस-तीस कागदांची चळत कापायच्या यंत्राखाली घालतो, आडवे तीन भाग करतो, आणि प्रत्येक भागाला दोन पिना मारतो. झाले तीन गठ्ठे!"

"वरचा भाग कुणाला देता?"

"मंगळवारी केले ते ना? वरचा ताईंना, खालचा कात्रीसाहेबांना." काकांनी बोटांवर मोजलं. "मधला आपल्या साहेबांना. उपसचिवांना."

"त्या चळतीत पहिला मसुदा होता का, काका? व्हिसा शुल्काचा?"

काकांचा चेहरा उतरला. "होता. साहेब म्हणाले, हा रद्द."

"रद्द म्हणाले, की नष्ट करा म्हणाले?"

"रद्द. रद्द कागद रद्दीत, रद्दीतला पाठकोरा चळतीत. पंचवीस वर्षं तेच करतोय मी." ते मटकन खुर्चीत बसले. "काही चुकलं का गं माझं?"

चिमट्याला त्यांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिने दुभाषीचा गठ्ठा मागून घेतला आणि ती हातातल्या चिमट्याने एकेक चिठ्ठी उलटत गेली. सतरावी चिठ्ठी: 'अतिगोपनीय', आणि खाली रुग्ण, विद्यार्थी. मग ती वर गेली. कात्रीसाहेबांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करत तिने त्यांचा गठ्ठा उलटला. एका चिठ्ठीवर अट होती, शब्दन् शब्द.

दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की मध्ये एक फट राहत होती. त्या फटीत नेमकं तेवढंच असणार होतं जेवढं बातमीत होतं.

उपसचिवांच्या दारावर तिने टकटक केली तेव्हा तीनला दहा मिनिटं होती.

"साहेब, लिहायला एक चिठ्ठी देता?"

त्यांनी हात टेबलाकडे नेला आणि अर्ध्यावर थांबवला. "संपल्यात."

"मंगळवारी दुपारी काकांनी तीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला होता. आज गुरुवार."

"बरंच काही लिहावं लागतं आम्हाला."

"हो ना. म्हणूनच सकाळी तुम्ही मला कार्डावर लिहून दिलंत, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आता वाटतंय." तिने पाकीट टेबलावर ठेवलं. "या दोन पिना सकाळी श्रेडरमध्ये सापडल्या. काका पिना काढल्याशिवाय कागद घालत नाहीत. शिपाई तर यंत्राला घाबरतोच. यंत्र कसं चालवतात हे ज्याला माहीत नाही, आणि शिपायाला सांगायचीही सोय नाही, असाच माणूस गठ्ठा पिनांसकट घालील."

"पिना सगळ्या मंत्रालयात असतात."

"असतात. म्हणून मी ताईंना विचारून आलेय. मंगळवारी संध्याकाळी पलीकडचा अधिकारी शिष्टमंडळाची व्यवस्था बघायला आला, तेव्हा तुम्ही आणि ताई नदीवरच्या पुलापाशी गेला होतात. तुम्ही त्याला खिशातून काहीतरी काढून लिहून दिलंत. गाडीची वेळ."

उपसचिवांनी टेबलावरचा एक झेंडा सरळ केला.

"मी ती उलटून पाहिली नाही," ते म्हणाले. "देवाशपथ सांगतो. आज सकाळी बातमी वाचली, टेबलावरचा गठ्ठा उलटून पाहिला, आणि तो तसाच यंत्रात कोंबला. पुढच्या महिन्यात मला राजदूत म्हणून पाठवायचं चाललंय. एका चिठ्ठीपायी..."

"चिठ्ठी चुकून गेली, साहेब. ताईंचं नाव चुकून गेलं नाही."



५

सचिवबाईंनी सगळं ऐकलं. निलंबनाचा आदेश त्यांच्यासमोर सहीसाठी उघडा होता. त्यांनी तो मिटला, पण चिमट्याला वाटलं तितकं त्यांच्या चेहऱ्यावर हायसं दिसलं नाही.

"हा आदेश निघणार नाही," त्या म्हणाल्या. "ताईला सांग. साहेब उद्यापासून रजेवर जातील. आणि तुझा अहवाल... तू शहाणी मुलगी आहेस. हे आपण परस्पर मिटवू."

तो शब्द खोलीत पडला. दाराशी बोलावून उभ्या केलेल्या दुभाषीने तो ऐकला आणि खाली पाहिलं.

"मिटवता येईल, बाई," चिमटा म्हणाली. "पण मग चारला टेबलावर काय सांगायचं? त्यांना वाटतंय आपण आधीच दिलंय. आपण म्हणणार, नाही दिलं. ते म्हणणार, आमच्याकडे तुमचाच कागद आहे. आणि त्यांचं खरं असेल. अर्ध्या कागदावर विसंबून त्यांनी शुल्क तसंच ठेवलं, तर पुलाच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी असलेली माणसं तशीच उभी राहतील."

"म्हणजे मी त्यांच्यासमोर कबूल करू? आमचा उपसचिव गोपनीय टिपणावर गाडीची वेळ लिहून देतो म्हणून? हसतील ते!"

"हसू दे की," दुभाषी पहिल्यांदाच बोलली. "मी तिकडची आहे, बाई. आमच्या... त्यांच्याकडे, चूक लपवणाऱ्याशी कुणी करार करत नाही. जो स्वतःवर हसतो त्याच्याशी करतात."

सचिवबाईंनी गार चहाचा कप उचलला, तोंड वाकडं केलं आणि तो सगळा पिऊन टाकला.

चार वाजता त्या शिष्टमंडळासमोर बसल्या. मागे दुभाषी. चिमटा भिंतीशी. बाईंनी काही न बोलता दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या, वरची वर, खालची खाली, मध्ये बोटभर जागा सोडून.

"हे आमचं टिपण," त्या म्हणाल्या. "मधला भाग आमच्याकडे नाही. मला वाटतं तो तुमच्याकडे आहे. चूक आमची. आमच्याकडे काटकसर जरा जास्तच आहे."

दुभाषीने ते सांगितलं. मग बाईंनी मधल्या भागातला 'परस्पर' हा शब्द उच्चारला, तेव्हा ती थांबली आणि तिने त्यांच्या भाषेतले दोन्ही शब्द सांगितले. आधी चुकीचा, मग बरोबर. आमच्याकडे या दोघांना एकच शब्द आहे, आणि त्यावरून घराघरांत भांडणं होतात, असंही तिने आपल्या पदरचं घातलं.

पलीकडचा प्रमुख जाडजूड, मिशाळ माणूस होता. त्याने वाकून खालची पट्टी दोनदा वाचली. त्याला मराठी वाचता येतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मग त्याने शेजारच्या अधिकाऱ्याकडे हात पसरला. अधिकारी चुळबुळला. प्रमुखाचा हात तसाच पसरलेला राहिला. शेवटी त्या अधिकाऱ्याने फायलीतून एक चिठ्ठी काढली.

प्रमुखाने ती फटीत ठेवली. कापलेल्या कडा केसाइतकंही अंतर न ठेवता जुळल्या. त्याने टिपण वरपासून खालपर्यंत वाचलं, मग मधली चिठ्ठी उलटी केली आणि अडखळत मोठ्याने वाचलं, "गाडी... बुधवारी... आठ वाजता... मागच्या दाराशी."

आणि तो पोट धरून हसला. सचिवबाईही हसल्या. चिमट्याने पहिल्यांदाच त्यांचे दात पाहिले.

साडेपाचला दोन्ही सह्या झाल्या. शुल्क दोन्हीकडे निम्मं, एकाच सकाळी.

जपूनकाकांना लेखी ताकीद मिळणार होती आणि ते तिची वाट बघत जिन्यापाशी बसले होते. चिमट्याने त्यांना प्रमुखाने परत दिलेली मधली पट्टी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि खिन्नपणे मान हलवली.

"दोन्ही बाजूंनी लिहिलंय. आता नाही कुठल्या उपयोगाची."

दुभाषी आपल्या खोलीत फोनवर आईशी बोलत होती. दार आता लावलेलं होतं, पण आवाज सगळ्या कॉरिडॉरमध्ये घुमत होता. येतेय मी, आई! येतेय! अगं, ये-ते-य!

तो आवाज कानावर पडत असतानाच चिमट्याने अहवाल पुरा केला. त्यात उपसचिवांची चिठ्ठी होती, रद्द आणि रद्दी होती, दोन पिना होत्या, आणि सकाळी कुणाचं नाव कुणी पुढे केलं होतं तेही होतं. तिने तो बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी शेवटचं वाक्य वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि एक शब्दही न बदलता सही केली.

वाक्य असं होतं: 'या प्रकरणी कोणतीही बाब परस्पर मिटवण्यात आलेली नाही; जे मिटले ते परस्परांत मिटले.'